दोन बाय चारची मॅट टाइल : निवड, अंदाजपत्रक आणि वर्षभराचा वापर

पुण्यातल्या आमच्या जुन्या सदनिकेत गेल्या वर्षी उन्हाळ्याआधी नवी फरशी बसवून घेतली. दिवाणखाना, स्वयंपाकघर, एक झोपण्याची खोली आणि मधला पॅसेज अशा एकूण ४४० चौरस फुटांवर ६०० बाय १२०० मिलिमीटर मापाची, म्हणजे बाजारात जिला ‘दोन बाय चार’ म्हणतात ती, मॅट ग्लेझ्ड व्हिट्रिफाइड टाइल घातली; आतल्या ११० चौरस फुटांच्या खोलीतली मोझॅक फरशी मात्र न काढता तिलाच पॉलिश करून घेतले. या फरशीवरून आता उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा असे सगळे ऋतू उलटून गेले आहेत. घरात सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई आहेत, रांगून नुकतेच चालू लागलेले बाळ आहे आणि दोन्ही वेळचा स्वयंपाक घरीच होतो, त्यामुळे टाइलची परीक्षा पुरेशी झाली आहे असे म्हणता येईल. टाइल चांगली निघाली आणि पुन्हा घ्यायची वेळ आली तर हीच घेऊ. परंतु जे फरशी बदलण्याच्या विचारात आहेत त्यांना त्याहून महत्त्वाचे सांगायचे आहे ते असे, की फरशी कशी होते आणि तिला किती पैसे लागतात, या दोन्ही गोष्टी टाइलच्या वर कमी आणि टाइलच्या खाली जास्त ठरतात.

आकड्यांतच सांगायचे तर दुकानात टाइलचा भाव चौरस फुटाला ७२ रुपये होता आणि पायाखाली तयार झालेली फरशी आम्हाला चौरस फुटाला सुमारे २९३ रुपयांना पडली. यात कोणी फसवले असे नाही. मधल्या २२१ रुपयांतला जवळजवळ प्रत्येक रुपया आवश्यक होता. पण बहुतेक घरांत अंदाज बांधला जातो तो ‘क्षेत्रफळ गुणिले टाइलचा भाव’ असा, आणि काम निम्म्यावर आले की पैसे कमी पडू लागतात. मग कात्री लावली जाते ती नेमकी जिथे लावू नये तिथे, म्हणजे बेड, अर्थात टाइलखालचा सिमेंट-वाळूचा थर, टाइल चिकटवायचे अ‍ॅढेसिव्ह आणि कारागीर यांच्यावर, कारण टाइलचे पैसे तोवर देऊन झालेले असतात.

निवडीकडे वळण्यापूर्वी आम्ही इतर पर्यायही गांभीर्याने पाहिले. शहाबादी आणि कोटा हे दोन्ही चुनखडीचे दगड, पहिला कर्नाटकातला आणि दुसरा राजस्थानातला. टिकाऊपणात कोट्याला तोड नाही, आणि पुण्याच्या एप्रिलमध्ये त्यावर अनवाणी चालण्याचे सुख वेगळेच असते. कोट्याचा दगड स्वस्त मिळतो, पण तो बसवल्यावर जागेवर यंत्राने घासून पॉलिश करावा लागतो, त्या घासण्याचे लगद्यासारखे पाणी घरभर होते आणि राहत्या घरात हे काम फार त्रासाचे ठरते. शिवाय चुनखडीच्या जातीचा दगड, मग तो कोटा असो, कडप्पा असो किंवा संगमरवर असो, लिंबू, चिंच, व्हिनेगर किंवा बाथरूमच्या अ‍ॅसिडने खाल्ला जातो आणि तिथली चमक कायमची जाते; स्वयंपाकघरात हे टाळणे अवघड आहे. ग्रॅनाइटला आम्लाचे भय नाही, पण संपूर्ण घराला ग्रॅनाइट आमच्या अंदाजपत्रकात बसत नव्हते. लॅमिनेटच्या लाकडी पट्ट्या दिसायला सुंदर असतात, परंतु त्यांचा गाभा दाबलेल्या लाकडाच्या भुश्शाचा असल्यामुळे सांध्यातून पाणी मुरले की कडा फुगतात, आणि ज्या घरात रोज ओल्या फडक्याने फरशी पुसण्याची रीत आहे तिथे त्या घेऊ नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. एसपीसी पट्ट्यांमध्ये दगडाची भुकटी आणि पीव्हीसी असते, त्यामुळे त्या पाण्याला दाद देत नाहीत आणि जुन्या फरशीवर तशाच जोडता येतात. भाड्याने द्यायच्या घरासाठी किंवा एखाद्या खोलीसाठी तो पर्याय खरोखर विचार करण्यासारखा आहे. मात्र खालची जमीन उंचसखल असेल तर त्यांचे खटके कालांतराने सुटतात, आणि आमची जमीन उंचसखल होती.

व्हिट्रिफाइडमध्येही प्रकार आहेत आणि दुकानदार ते आपणहून सांगतोच असे नाही. डबल चार्ज टाइलमध्ये वरचा रंगाचा थर तीन-चार मिलिमीटर जाड असतो, त्यामुळे ती झिजली तरी रंग जात नाही. दुकाने, जिने आणि वर्दळीच्या जागांसाठी ती उत्तम, पण तिच्यात नक्षीचे पर्याय मोजके असतात. ग्लेझ्ड व्हिट्रिफाइडमध्ये नक्षी छापलेली असते आणि तिच्यावर काचेसारखा पातळ थर असतो. घरातल्या वर्दळीला तो पुरतो, पण त्यावरून लोखंडी कपाट ओढले तर ओरखडा खालच्या मातकट गाभ्यापर्यंत जाऊ शकतो. या दोन्हींचे पाणी शोषण्याचे प्रमाण अर्ध्या टक्क्याहून कमी असते, हा व्हिट्रिफाइडचा सर्वांत मोठा गुण. पुढे चिकटवण्याच्या वेळी हाच गुण कारागिराला जड जातो. आपल्याकडे मिळणारी बरीचशी टाइल गुजरातमधल्या मोरबीहून येते, आणि एकाच भट्टीतून निघालेला माल वेगवेगळ्या नावांच्या खोक्यांत भरला जाणे हे या धंद्यात नवे नाही. त्यामुळे नावापेक्षा समोरच्या खोक्यातली टाइल पाहावी, असे मी आवर्जून सांगेन.

आम्ही कात्रज-कोंढवा रस्त्यावरची आणि भवानी पेठेच्या बाजूची दुकाने पाहिली. पहिल्या एका दुकानात चौरस फुटाला ५८ रुपये भाव सांगितला गेला आणि लेखी अंदाज मागितल्यावर त्यात १८ टक्के जीएसटी, टेम्पो, हमाली आणि ‘प्रीमियम’ दर्जाचा जादा आकार असे एकेक वाढत गेले. मूळचा भाव ‘स्टँडर्ड’ दर्जाचा होता हे तेव्हा कळले. दर्जातला हा फरक नुसता नावापुरता नसतो. दुसऱ्या दर्जाच्या खोक्यात किंचित वाकलेल्या, कडेला टवके गेलेल्या किंवा छटेत फरक असलेल्या टाइल असतात, आणि चार फूट लांबीच्या टाइलमध्ये थोडासा बाकही बसवल्यावर लपत नाही. ज्या दुकानातून अखेर खरेदी केली तिथे मालकांनी गोदामातून खोके मागवून आमच्यासमोर फोडले आणि दोन टाइल तोंडाला तोंड लावून उभ्या धरल्या. मधून उजेडाची जी फट दिसते ती टाइलचा बाक सांगते. त्या खोक्यात ती जेमतेम नखाएवढी होती, आणि त्याच नक्षीच्या दुसऱ्या लॉटमधल्या खोक्यात ती उघड दिसण्याइतकी मोठी होती. दुकानाबद्दल विश्वास वाटला तो यामुळे.

तिथेच आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. खोक्यावर शेड आणि बॅच यांचे क्रमांक छापलेले असतात. सगळी खोकी एकाच क्रमांकाची आहेत हे बिलावर लिहून घ्यावे, कारण वेगळ्या बॅचची टाइल गोदामातल्या ट्यूबलाइटखाली सारखी दिसते आणि खिडकीच्या उजेडात वेगळी दिसते. दुसरे म्हणजे त्या नक्षीचे किती ‘फेस’, म्हणजे वेगवेगळे छाप, आहेत ते विचारावे. दगडाची नक्षी एकाच छापाची असेल तर दिवाणखान्यात तीच शीर दर दोन फुटांवर पुन्हा पुन्हा दिसते आणि सगळी फरशी छापील वाटू लागते. आमच्या टाइलचे वेगवेगळे फेस असल्यामुळे तसे झाले नाही.

नमुन्याची एक टाइल घरी आणून तिच्यावर हळद घातलेले तेल, चहा आणि शाई रात्रभर ठेवली आणि सकाळी साध्या साबणाने पुसली. हलक्या बदामी रंगाच्या मॅट टाइलवरून तिन्ही डाग गेले. गडद राखाडी नमुन्यावरून डाग गेले, पण बोअरच्या पाण्याचे पांढरे ठसे वाळल्यावर उठून दिसू लागले, म्हणून तो रंग मनातून उतरला. पॉलिश की मॅट हा प्रश्न आमच्याकडे सासूबाईंमुळे आधीच सुटला होता. घसरण्याला टाइल किती विरोध करते हे सांगणारा ‘आर’ आकडा माहितीपत्रकात असतो. ९ पासून तो सुरू होतो आणि १३ पर्यंत जातो. घरातल्या कोरड्या खोल्यांना ९ चालतो, स्वयंपाकघर आणि बाल्कनीला १० असावा असे आम्ही ठरवले. त्याहून खरखरीत टाइल फक्त न्हाणीघराला योग्य, कारण ती रोज पुसणे म्हणजे हातांना शिक्षा असते.

आता हिशेब. दोन बाय चारच्या एका खोक्यात दोन टाइल असतात आणि त्या साडेपंधरा चौरस फूट भरतात. जमीन ४४० चौरस फूट, त्यावर तुटफूट आणि कापाकापीचे आठ टक्के धरून ४७५. भिंतीच्या पायथ्याला चार इंची स्कर्टिंग १३० रनिंग फूट, म्हणजे आणखी ४३ चौरस फूट. ही बेरीज ५१८ होते आणि तिला ३४ खोकी लागतात. भविष्यात नळाचे किंवा गॅसच्या पाइपचे काम निघाले तर हवीत म्हणून दोन खोकी जास्त घेऊन ३६ खोकी, ५५८ चौरस फूट, करासह चौरस फुटाला ८५ रुपयांनी ४७,४३० रुपये झाले. स्कर्टिंग आणि जादाची खोकी लोक हिशेबात धरत नाहीत. आमच्या बाबतीत केवळ या दोन गोष्टींचे सहा हजारांहून जास्त होतात. टाइल तिरकी बसवायची असेल तर आठ टक्क्यांऐवजी बारा-पंधरा टक्के तूट धरावी लागते. खोल्या लहान असतील तर तिरकी बसवूच नये. पैसाही जातो आणि खोली आणखी लहान दिसते.

जुनी फरशी काढायची की तिच्यावरच नवी चिकटवायची, यावर घरात बराच विचार झाला. वरूनच चिकटवली तर फोडाफोड, धूळ आणि राडारोडा टळतो आणि त्या कामाचे पैसे वाचतात. मात्र जमीन साधारण दीड सेंटीमीटर उचलली जाते, सगळे दरवाजे खालून कापावे लागतात, न्हाणीघराच्या उंबऱ्याची उंची बदलते आणि मुख्य म्हणजे जुन्या जमिनीचे दोष नव्या फरशीत जसेच्या तसे येतात. जुनी फरशी घट्ट बसलेली आणि सपाट असेल तर वरून चिकटवणे हा उत्तम मार्ग आहे. ते तपासण्यासाठी मिस्त्रींनी दहा इंची मोझॅकच्या प्रत्येक ओळीवर लोखंडी सळईने ठोकून पाहिले. दिवाणखान्याच्या निम्म्या भागातून पोकळ आवाज आला आणि खिडकीपासून दारापर्यंत जमिनीत पाऊण इंचाचा फरक निघाला. “ताई, हिच्यावर चिकटवली तर वर्षभरात तुम्हीच मला शिव्या द्याल,” असे ते म्हणाले आणि फोडण्याचा निर्णय झाला. आतल्या खोलीतली मोझॅक मात्र खणखणीत वाजली, म्हणून ती ठेवली.

फोडण्याच्या खर्चात सोसायटीची परवानगी, अनामत रक्कम, कामाच्या ठरवून दिलेल्या वेळा आणि राडारोडा खाली नेण्याची मजुरी हे सगळे येते. मोझॅक आणि तिच्याखालचा जुना बेड मिळून जाडी सुमारे ७० मिलिमीटर होती. त्याचे वजन चौरस फुटाला अंदाजे १४ किलो भरते, म्हणजे ४४० चौरस फुटांचे सहा टनांच्या आसपास. लिफ्ट नसलेल्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरून हे ओझे बिगाऱ्यांनी गोण्यांतून पाठीवर उतरवले. त्यांच्या मजुरीत घासाघीस करणे मला योग्य वाटले नाही आणि इतरांनीही करू नये. फोडण्याचे ९,६८० आणि राडारोड्याचे, महापालिकेने ठरवून दिलेल्या जागी नेऊन टाकण्यासह, ९,००० रुपये झाले. जमीन उघडी असताना स्वयंपाकघरातला फरशीखालून गेलेला गंजका पाइप बदलून घेतला. त्याचा खर्च येथे धरलेला नाही, पण ज्यांची इमारत जुनी आहे त्यांनी ही तरतूद अवश्य ठेवावी.

त्यानंतर आला बेड, आणि या परीक्षणातला माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा भाग हाच. पूर्वीच्या पद्धतीत ओल्या मालावर सिमेंटची स्लरी, म्हणजे पातळ घोल, ओतून टाइल ठोकून बसवत. मोझॅक किंवा साधी सिरॅमिक टाइल सच्छिद्र असल्याने स्लरी तिच्या पाठीत शिरून धरते. व्हिट्रिफाइड टाइल पाणीच पीत नाही, म्हणून स्लरी तिला नीट पकडत नाही आणि काही काळाने टाइल सुटून पोकळ वाजू लागते. आमच्याकडे आधी पाण्याच्या नळीने चारही खोल्यांत पातळी काढून भिंतीवर खुणा केल्या. आतल्या मोझॅकची उंची आणि न्हाणीघराचा उंबरा धरून तयार पातळी ठरवली आणि जाड थराचा सिमेंट-वाळूचा बेड घातला. त्यात बारा पोती सिमेंट आणि एक ब्रासच्या, म्हणजे शंभर घनफुटांच्या, जरा आत क्रश सँड, म्हणजे दगड दळून केलेली वाळू, लागली. साहित्य आणि मजुरी मिळून १६,७२० रुपये. या बेडवर आठवडाभर पाणी मारले आणि मग तो सुकू दिला. घराबाहेर राहणाऱ्या कुटुंबाला हा काळ नकोसा होतो आणि अनेकजण कंत्राटदाराला घाई करतात, पण ओल्या बेडवर अ‍ॅढेसिव्ह नीट धरत नाही.

अ‍ॅढेसिव्हच्या पोत्यावर आयएस १५४७७ हा मानक क्रमांक आणि त्याखाली ‘टाइप’ लिहिलेला असतो. टाइप १ सिरॅमिकसाठी ठीक. घरातल्या जमिनीवरच्या व्हिट्रिफाइडला निदान टाइप २ हवा. वीस किलोच्या पोत्यात साधारण पन्नास चौरस फूट होतात, त्या हिशेबाने दहा पोती, ६,२०० रुपये. टाइप १ आणि टाइप २ यांच्या किमतीतला फरक आमच्या पूर्ण घराला मिळून दोन हजारही झाला नसता, आणि तरी याच दोन हजारांसाठी कामे बिघडतात. दातेरी थापीने बेडवर एकाच दिशेला ओळी ओढायच्या, टाइलच्या पाठीलाही पातळ थर लावायचा, मग टाइल ठेवून ओळींच्या आडवी किंचित सरकवायची म्हणजे ओळी मोडतात आणि आतली हवा निघते. मिस्त्रींनी तिसरी की चौथी टाइल बसवल्यावर लगेच व्हॅक्यूम कपने उचलून पाठ दाखवली. कोपऱ्यांसह सगळी पाठ राखाडी झाली होती, कुठेही कोरडा ठिपका नव्हता. टाइलच्या पाठीला पाच गोळे लावून ती दाबून देणारे कारागीर अजून सर्रास दिसतात. तशी टाइल कोपऱ्यावर जड वस्तू पडली की तडकते. ज्यांना काम द्यायचे त्यांना ही एक टाइल उचलून दाखवायला सांगावे. जो कारागीर त्याला नकार देतो त्याला काम देऊ नये.

मांडणीबाबत आमचा आग्रह विटांच्या बांधणीसारख्या निम्म्या-निम्म्या सांध्याचा होता. मिस्त्रींनी दोन टाइल कोरड्याच शेजारी ठेवून त्यावर सरळ पट्टी धरली. लांब टाइलचा थोडासा बाक मध्यभागी सर्वांत जास्त असतो, आणि निम्म्या सांध्यात एकीचा मधला उंच भाग दुसरीच्या टोकाजवळ येतो, म्हणून तिथे बोटाला धार लागते. एक तृतीयांश सरकवून बांधणी केली तर फरक कमी होतो आणि सरळ ओळीत बसवली तर तो जवळजवळ राहत नाही. आम्ही सरळ ओळ घेतली. संध्याकाळी पश्चिमेच्या खिडकीतून उन्हाची तिरकी तिरीप जमिनीवर येते तेव्हा फरशीचे सगळे दोष उघडे पडतात. त्या उन्हातही आमच्या फरशीला कुठे सावलीची रेघ दिसत नाही, आणि याचे श्रेय शेजारच्या टाइलच्या कडा एका पातळीत धरणाऱ्या लेव्हलिंग क्लिपांना आणि त्याहून जास्त मिस्त्रींच्या हाताला आहे. बसवण्याची मजुरी चौरस फुटाला ४८ रुपये होती. ३० रुपयांत करणारेही भेटले. दोघांनी याआधी केलेली कामे प्रत्यक्ष पाहून आम्ही महाग कारागीर निवडला; त्या निवडीचे २१,१२० आणि स्कर्टिंगचे ३,२५० रुपये मला सर्वांत सार्थकी लागलेले वाटतात.

सांध्यांसाठी तीन मिलिमीटरची फट ठेवली. टाइल एकमेकींना चिकटवून बिनसांध्याची फरशी करून द्या असा आग्रह हल्ली फार होतो, तो टाळावा, कारण उष्णतेने टाइल आणि इमारत दोन्ही किंचित हलतात आणि त्या हालचालीला जागा नसेल तर टाइल उचलली जाते. सांधे भरायला सिमेंट ग्राउट स्वस्त आहे, पण स्वयंपाकघरात ते काही महिन्यांत काळवंडते. इपॉक्सी ग्राउट तेल आणि हळद यांना दाद देत नाही. त्याचा तोटा असा की भरल्यावर टाइलवर राहिलेला पापुद्रा लगेच पुसला नाही तर मॅट टाइलवर तो कायमचा बसतो. दोन माणसे हवीत, एक भरणारा आणि एक मागोमाग पुसणारा. साहित्य आणि मजुरी मिळून ६,८०० रुपये झाले. ज्यांना काटकसर करायची आहे त्यांनी इपॉक्सी फक्त स्वयंपाकघरात वापरावे.

वापराबद्दल सांगायचे तर पहिला दिलासा पावसाळ्यात मिळाला. ओल्या चपलांनी कोणी आत आले तरी पाय सरकत नाही, आणि सासूबाई पूर्वी मोझॅकवर भिंत धरून चालत त्या आता पॅसेजमधून मोकळ्या चालतात. पुसायला ही टाइल पॉलिश टाइलपेक्षा नक्कीच जड आहे. नुसत्या पाण्याने पुसली तर पायांचे ठसे राहतात. कोमट पाण्यात सौम्य साबण घालून पुसल्यावर आणि मग एकदा साध्या पाण्याचे फडके फिरवल्यावर ती स्वच्छ होते. घरकामाला येणाऱ्या मावशींनी सुरुवातीलाच ही तक्रार केली आणि ती रास्त होती; त्यांना लांब दांड्याचा मायक्रोफायबर मॉप आणून दिल्यावर काम सोपे झाले. चिनी मातीचा कप किंवा काचेचा पेला हातून पडला तर वाचत नाही, मोझॅकवर क्वचित वाचत असे. वरवंटा पडून स्वयंपाकघरातल्या एका टाइलच्या कडेचा कपचा उडाला आणि खालचा मातकट रंग दिसला. ग्लेझ्ड टाइलची ही मर्यादा आहे आणि जड वस्तूंची उठाठेव रोज होणाऱ्या घरांनी डबल चार्जचाच विचार करावा. हिवाळ्यात पहाटे ती बरीच गार लागते, म्हणून बाळ खेळते तिथे सतरंजी घालतो.

आतल्या मोझॅकचे पॉलिश ही या सगळ्यातली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत आनंदाची गोष्ट ठरली. आधी जाड दाण्याच्या दगडांनी घासून वरचा काळपट थर काढला, उघडी पडलेली बारीक छिद्रे सिमेंटच्या पेस्टने भरली, ती वाळल्यावर क्रमाने बारीक दाण्याचे दगड फिरवले आणि शेवटी ऑक्झॅलिक पावडर टाकून चमक काढली. पहिल्या घासणीनंतरच पांढऱ्या, तपकिरी आणि हिरवट चिपा अशा काही वर आल्या की ही तीच खोली यावर विश्वास बसेना. ११० चौरस फुटांचे ३,८५० रुपये लागले. घासणीचे दुधासारखे पाणी भिंतींवर दीड-दोन फूट उडते, म्हणून रंगकामाच्या आधीच हे काम करावे. मोझॅकमध्ये संगमरवराच्या चिपा आणि सिमेंट असते, त्यामुळे तिला बाथरूमचे अ‍ॅसिड कधीही लावू नये. ज्यांची मोझॅक खणखणीत वाजते आणि जमीन सपाट आहे त्यांनी नवी टाइल घेण्यापूर्वी एका खोलीत हा प्रयोग करून पाहावा असे मी मनापासून सुचवेन.

नव्या फरशीचा उरलेला खर्च असा : टेम्पो आणि ३६ खोकी तिसऱ्या मजल्यावर चढवण्याची हमाली ३,३००, खोल्यांच्या दारांतले ग्रॅनाइटचे उंबरे ३,५००, आणि पुढचे सुतारकाम, रंगकाम चालू असताना फरशीवर अंथरायचे संरक्षक पत्रे २,०००. सगळे मिळून १,२९,००० रुपये झाले, आणि त्यात टाइलचा वाटा ३७ टक्क्यांच्या आसपास आहे. म्हणजे ७२ ऐवजी १०० रुपये भावाची टाइल घेतली असती तर एकूण खर्च साडेअठरा हजारांनी वाढला असता, आणि ५० ची घेतली असती तर साडेचौदा हजारांनी कमी झाला असता; बाकीचे ८१,५७० रुपये दोन्ही वेळा तेवढेच राहिले असते. म्हणून अंदाजपत्रक उलट्या क्रमाने बांधावे. आधी फोडणे, बेड, अ‍ॅढेसिव्ह, मजुरी, ग्राउट आणि वाहतूक यांचे लेखी दर घ्यावेत, त्यावर दहा टक्के अकल्पित खर्चासाठी बाजूला ठेवावेत, आणि जी रक्कम उरेल तिला टाइलच्या क्षेत्रफळाने भागून मग त्या भावाच्या टाइल पाहायला दुकानात जावे. रक्कम कमी पडत असेल तर दोन बाय दोनची टाइल घ्यावी. ती स्वस्त असते, तिचा बाक कमी जाणवतो आणि लहान खोल्यांत कापून वाया जाणेही कमी होते. एखादी खोली पुढच्या वर्षावर ढकलली तरी चालेल, मात्र तिची खोकी आत्ताच घेऊन ठेवावीत, कारण वर्षभराने तीच शेड मिळेल याची खात्री कोणताही दुकानदार देऊ शकत नाही.

दुकानाच्या सेवेबद्दल एक नोंद. न फोडलेली खोकी तीस दिवसांत पूर्ण किमतीला परत घेऊ असे मालकांनी बिलावर स्वतःच्या हाताने लिहून दिले होते. मिस्त्रींनी कापाकापी जपून केल्यामुळे राखीव दोन सोडून आणखी एक खोके शिल्लक राहिले, ते घेऊन गेल्यावर कोणतीही कटकट न करता त्यांनी पैसे परत केले. राखीव खोकी माळ्यावर आडवी न टाकता भिंतीला टेकवून उभी ठेवली आहेत आणि शेड व बॅच क्रमांकाचा कागद बिलासह घराच्या फाइलमध्ये लावला आहे.